डोंगरातल्या झऱ्याचं पाणी भरायला जाताना: मराठवाड्यात नव्यानं आलेल्यांसाठी

मराठवाड्याला कोरडा मुलूख म्हणतात आणि ते खरंही आहे. वर्षाची सरासरी ६७९ मिलिमीटर, त्यातलाही बराच पाऊस चार-दोन मोठ्या सरींत येतो आणि वाहून जातो. तरीही दसरा-दिवाळीच्या सुमारास इथल्या डोंगरांत फिरलात तर कपारींतून स्वच्छ, गार पाणी पाझरताना दिसतं. उत्तरेला अजिंठ्याची रांग आणि तिच्यातलं कन्नडजवळचं गौताळा-औट्रमघाट अभयारण्य, मधून बीड, धाराशिव, लातूरकडे पसरलेला बालाघाट, आणि पूर्वेला नांदेड जिल्ह्यातलं माहूर-किनवटचं सागवानी जंगल, असे हे तीन पट्टे. नोकरीनिमित्त इकडे आलेले शिक्षक, ग्रामसेवक, बँकेतली मंडळी किंवा शहरातून रविवारी डोंगरात जाणारे यांना कुणीतरी सांगतं की अमक्या दऱ्यात बारमाही झरा आहे, पाणी अमृतासारखं आहे, कॅन घेऊन जा. जायला हरकत नाही. पण कसं जायचं आणि काय बघायचं हे नीट ठाऊक असावं, म्हणून हा लेख.

दोन गोष्टी आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे. पाणी कितीही नितळ दिसलं तरी ते कच्चं आहे असंच धरायचं. आणि त्या झऱ्यावर आपला नंबर शेवटचा: आधी गाव, मग गुरं आणि रानातली जनावरं, मग आपण.

झरा येतो कुठून

हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण पाणी सुरक्षित आहे का आणि किती दिवस टिकेल या दोन्ही प्रश्नांची उत्तरं इथंच आहेत.

इथला बहुतेक डोंगर काळ्या पाषाणाचा. लाव्ह्याचे थर एकावर एक बसत गेले आणि भाकरींची चवड रचावी तसा हा डोंगर उभा राहिला. प्रत्येक थराचा वरचा भाग फुटका, सच्छिद्र असतो. विहीर खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. खालचा भाग मात्र अखंड, कठीण. दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं तांबड्या मातीचा पातळ पट्टा दिसतो. वरच्या पठारावर पडलेला पाऊस मुरमातून आणि मांजऱ्यातून खाली उतरतो, अखंड पाषाणावर किंवा त्या तांबड्या पट्ट्यावर येऊन अडतो, मग आडवा सरकत जातो आणि डोंगराच्या कडेला तो थर जिथं उघडा पडलाय तिथं बाहेर येतो. म्हणून एका डोंगरातले झरे बहुधा एकाच उंचीच्या आसपास सापडतात. तिथं उंबर, जांभूळ, करंज अशी हिरवी झाडं एका रांगेत उभी दिसली की समजावं, थर इथं फुटलाय.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, या खडकात पाणी साठायला जागा फार थोडी. वरचं पठार जेवढं मोठं तेवढाच झऱ्याचा जीव. दुसरी, पाण्याचा जमिनीखालचा प्रवास लहान असतो. वर आज जे सांडलं ते फटींतून झपाट्यानं खाली येऊ शकतं. मातीत गाळून निघायला त्याला पुरेसा वेळच मिळत नाही. "डोंगरातून येतंय म्हणजे शुद्धच असणार" हा समज इथं चालत नाही. तिसरी, पठारावर कुणी बोअर मारला आणि तो नेमका हा अडलेला थर फोडून खाली गेला, तर पाणी त्या भोकातून खाली उतरतं आणि कडेचा झरा कायमचा बंद पडू शकतो. काही जुने झरे नाहीसे होण्यामागे हे एक कारण आहे.

डोंगराखाली मुरलेल्या पाण्यावर इथं शहरं जगलेली आहेत. सतराव्या शतकात मलिक अंबरनं बांधलेली नहर-ए-अंबरी डोंगराकडचं पाणी जमिनीखालून शहरात आणत होती. आज छत्रपती संभाजीनगरात पाणचक्की बघायला जाल तेव्हा तिथलं पाणीही असंच दुरून, जमिनीखालच्या नळातून येतं हे लक्षात असू द्या.

आणखी एक फरक करायला शिका. धबधबा, कुंड, टाकं आणि झरा या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पाटोदा तालुक्यात सौताड्याला विंचरणा नदी खोल दरीत कोसळते. ते नदीचं पाणी, वरच्या गावांतून वाहत आलेलं. पितळखोरा किंवा धाराशिवच्या लेण्यांजवळ दगडात कोरलेली टाकी आहेत. त्यांतलं पाणी साचलेलं, शिवाय ती संरक्षित वास्तू. किनवट तालुक्यातल्या उनकेश्वरला गंधकाचं गरम पाणी आहे. लोक तिथं अंघोळीला जातात, पिण्यासाठी भरून आणायचं ते पाणी नव्हे. या लेखात झरा म्हणजे खडकातून सरळ बाहेर येणारं, वाहतं पाणी, एवढंच.

कोणत्या दिवसांत जायचं

मृगाच्या पहिल्या पावसात अजिबात नाही. सहा-आठ महिन्यांचं शेण, मेलेली पाखरं, कुजका पाला, शेतातलं औषध असं सगळं त्या पाण्याबरोबर खाली येतं. पुढे भर पावसाळ्यातही झरा आणि ओढा एकमेकांत मिसळलेले असतात, कुठलं पाणी कुठून आलं ते कळत नाही.

दसऱ्यानंतर पाणी निवळतं. तिथपासून संक्रांतीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. लातूर-धाराशिवकडे येळवस झाली, म्हणजे मार्गशीर्षाची अमावस्या उलटली, की धार कमी व्हायला लागते. होळीनंतर बहुतेक झरे नुसते ओलावा धरून असतात. पाडव्यानंतर जो झरा वाहतोय तो त्या परिसराचा शेवटचा आधार आहे असं समजा आणि तिकडे कॅन घेऊन जाऊ नका. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात वैशाखातल्या झऱ्यावर बाहेरच्यानं हक्क सांगणं मला मान्य नाही. उन्हाळ्यात तहान लागली तर तिथं ओंजळभर प्या, तेही सोबत शुद्धीकरणाची गोळी असेल तर, आणि परत फिरा.

दिवसाची वेळ म्हणाल तर सकाळी नऊ ते दुपारी तीन. पहाट आणि दिवेलागण जनावरांची असते.

आधी गावात, मग वनखात्याकडे

झऱ्याच्या अलीकडच्या शेवटच्या गावात किंवा तांड्यावर थांबा. पारावर जो म्हातारा बसलेला असेल त्याच्याशी बोला. पाण्याचा इतिहास त्याच्याकडे असतो, मोबाइलच्या नकाशात नसतो. बोलणं साधारण असं होतं:

"मामा, वरच्या झऱ्याचं पाणी कुठवर राहतं?"

"औंदा होळीपस्तोर राहील. मागल्या साली संक्रांतीलाच आटलं व्हतं."

"गावात पितात का ते?"

"गुराखी पेतेत. आमी आता नळाचं पेतो. पर पाणी चांगलंय बघा, गोड हाय."

"आणि वर, पठारावर कुणाची शेतं आहेत का?"

"हायेत की. कापूस लावतेत. दोन बोअर बी हायेत."

या चार वाक्यांत तुम्हाला जे हवं ते जवळजवळ सगळं मिळालं. पाणी किती दिवसांचं, त्यावर कोण अवलंबून, आणि वरून काय येऊ शकतं. बायकांनाही विचारा. पाणी भरायचं काम बहुतेक त्याच करतात, आणि कुठल्या महिन्यात पाण्याला वास येतो, कधी लेकरांची पोटं बिघडतात हे मावशीला जितकं ठाऊक असतं तितकं दुसऱ्या कुणाला नसतं.

बरेच झरे देवस्थानाजवळ असतात. तिथं चपला-बूट लांब काढायचे, साबण लावायचा नाही, देवाचं म्हणून वेगळं ठेवलेलं कुंड असेल तर त्यात भांडं बुडवायचं नाही. हे पाळायला काहीच कष्ट नाहीत आणि पाण्याच्या दृष्टीनंही ते चांगलंच आहे. मात्र जातीवरून कुणाला सार्वजनिक पाणवठ्यावर अडवलं जात असेल तर ती प्रथा नव्हे, तो गुन्हा आहे. राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट सगळ्यांना खुले असल्याचं स्पष्ट लिहिलंय. असं काही दिसलं तर त्या पाण्याला हात लावण्याआधी गप्प न बसण्याचं ठरवा.

झरा अभयारण्यात असेल, म्हणजे गौताळा, येडशीचं रामलिंग घाट किंवा पाटोद्याजवळचं नायगाव मयूर, तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ लागू होतो. परवानगीशिवाय आत जाता येत नाही. वनरक्षकाला भेटा, काय करायचंय ते सरळ सांगा. तो नाही म्हणाला तर वाद घालू नका. पाणवठ्यावर कॅमेरे लावलेले असतात, जनावरांची ये-जा त्याला माहीत असते. राखीव जंगलात आग पेटवायला बंदी आहे, तेव्हा "तिथंच चुलीवर पाणी उकळू" हा बेत मनातून काढून टाका. वनखात्याची हेल्पलाइन १९२६, रुग्णवाहिका १०८. झऱ्याच्या घळीत रेंज नसते, म्हणून कुठं जातोय आणि कधी परतणार हे गावात एकाला तरी सांगून जायचं.

सोबत काय न्यायचं

पाण्याचं वजन लोक हमखास विसरतात. एक लिटर म्हणजे एक किलो. वीस लिटरचा जार रिकामा उचलायला हलका वाटतो, भरल्यावर तो घेऊन शेवाळलेल्या दगडांवरून वर चढता येत नाही. पाच-पाच लिटरचे कॅन घ्या, माणशी दोन. दोन्ही हातांत सारखं वजन राहतं, तोल जात नाही. गावातल्या बायका डोक्यावर चुंबळ ठेवून दोन घागरी सहज नेतात ते बघून तसं करायला जाऊ नका. त्यामागे लहानपणापासूनची सवय आहे.

कॅन खाण्यापिण्याच्या वस्तूंचा, अरुंद तोंडाचा, फिरकीच्या घट्ट झाकणाचा असावा. तेलाचा असेल तर गरम पाणी आणि साबणानं वास जाईपर्यंत धुवा. कीटकनाशकाचा, तणनाशकाचा किंवा डिझेलचा कॅन कितीही धुतला तरी पाण्यासाठी वापरायचा नाही. शेतावर असे कॅन पडलेले असतात आणि कुणी आपुलकीनं देऊ करतं. नम्रपणे नको म्हणा.

बाकी एक जुनं, स्वच्छ सुती लुगडं किंवा धोतराचा तुकडा, स्टीलचा तांब्या, हातभर लांब नळीचा किंवा पाइपचा तुकडा, क्लोरिनच्या गोळ्या, काठी, शिट्टी आणि जाताना प्यायला घरचं पाणी. हे शेवटचं विसरू नका. झरा आटलेला निघू शकतो.

पायांत बूट, अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे. गवत वाळलं की कुसळं पायमोज्यांत घुसतात, आणि थंडीत खाजकुयलीच्या शेंगा पिकलेल्या असतात. तिची लव अंगाला लागली तर चोळू नका, पाण्यानंही पसरते. चिकटपट्टी लावून ओढून काढा.

वाटेवर

बहुतेक जनावरं माणसाची चाहूल लागताच बाजूला होतात. बोलत चला, काठी आपटत चला. बिबट्या, तडस, रानडुक्कर, कुठं कुठं अस्वल, हे सगळे या डोंगरांत आहेत. वाघही आता नवलाचा राहिलेला नाही: २०२१ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो किलोमीटर चालत आलेला वाघ गौताळ्यात दिसला, आणि २०२४ च्या शेवटी येडशीच्या जंगलातही एक येऊन पोहोचला. झऱ्याभोवतीचा चिखल आधी वाचा. ठसे ओले, ताजे असतील तर जागा सोडा, अर्धा-एक तास लांब थांबा. मोह फुलण्याच्या दिवसांत, फाल्गुन-चैत्रात, अस्वलं फुलं खायला मोहाखाली येतात; तेव्हा त्या झाडांखालून जाणारी पायवाट टाळा.

माझ्या मते बिबट्यापेक्षा जास्त सांभाळायचं ते आग्या मोहोळ. झरा असतो त्याच कड्याला वर मोहोळं लटकलेली असतात. तोंड वर करून नीट बघा. अत्तर, उग्र वासाचं तेल, विडी-सिगारेट, ड्रोन, मोठ्यानं आरोळ्या, यातलं काहीही नको. माश्या उठल्याच तर डोकं-तोंड कपड्यानं झाका आणि आडोसा मिळेपर्यंत पळत सुटा. पाण्यात उडी मारू नका, माश्या वर घोंगावत राहतात.

साप दगडांच्या सांध्यात गारव्याला बसतात. घोणस, फुरसं, नाग, मण्यार, चारही विषारी जाती इथं आहेत. न बघता कपारीत हात घालायचा नाही, हा नियम पाणी भरतानाही. दंश झालाच तर तो भाग हलू न देता थेट सरकारी रुग्णालय गाठा. तोंडानं विष ओढणं, चिरा देणं, करकचून बांधणं, मांत्रिकाकडे जाणं यात जीव जातो.

भरण्याआधी वर चढून बघा

नवखा माणूस झऱ्यावर पोहोचला की लगेच कॅनचं झाकण उघडतो. थांबा. कॅन खाली ठेवा आणि झऱ्याच्या वरच्या अंगाला, पठाराच्या कडेपर्यंत चढून जा. पाण्याचा खरा दाखला तिथं मिळतो.

वर नुसतं रान आणि गवत असेल तर उत्तम. मेंढपाळांचा वाडा बसलेला असेल, गोठा असेल, उकिरडा असेल, उघड्यावर शौचाला जायची जागा असेल, कोंबड्यांची शेड असेल तर जंतू आणि नायट्रेट दोन्ही खाली येणार. कापसाचं किंवा भाजीपाल्याचं शेत असेल तर खत-फवारणीचा विचार करा. फवारणीनंतर पडलेल्या पहिल्या पावसापाठोपाठचं पाणी तर घेऊच नका. नायट्रेट किंवा कीटकनाशक उकळून जात नाही, आणि तान्ह्या बाळाच्या दुधात नायट्रेटचं पाणी गेलं तर बाळ निळं पडू शकतं. वर शेती असलेल्या झऱ्याचं पाणी तपासणीशिवाय घरी नेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

किनवट, देगलूर, बिलोली या नांदेडच्या पूर्वेच्या भागात काळ्या पाषाणाऐवजी ग्रॅनाइट लागतो. तिथं भूजलात फ्लोराइड वाढलेलं आढळतं. गावातल्या लेकरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसले तर ती खूण समजा.

आता पाणी भरा

पहिलं काम, धार मोजणं. एक लिटरची बाटली धारेखाली धरा आणि घड्याळ बघा. मिनिटाला एक लिटर म्हणजे दिवसाला १४४० लिटर. ऐकायला मोठा आकडा वाटतो, पण त्यात गावाची गुरं, रानातली जनावरं आणि खालचा ओढा सगळं आलं. बाटली भरायला दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर मी कॅन भरत नाही, प्यायची बाटली भरतो आणि निघतो. पैठणच्या एकनाथांनी रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या मुखात ओतली, ही गोष्ट इथल्या प्रत्येक घरात सांगितली जाते. झऱ्याखाली डबकं साचलेलं असेल तर ते जनावरांचं. ते उपसायचं नाही.

पाणी नेहमी खडकातून जिथं बाहेर पडतं तिथलंच घ्या. डबक्यात तांब्या बुडवून नाही. खडकाला चिकटून ओघळत असेल तर भांड्यात धरता येत नाही. तेव्हा फटीत पळसाचं एखादं धुतलेलं पान असं खोचा की पानाच्या टोकावरून धार सुटी पडेल. गुराखी हेच करतात. पान नाही मिळालं तर सोबतची नळी. निघताना ती काढून घ्या. फट मोठी करायला पहार किंवा दगड घालू नका. पाणी बारीक सांध्यांतून वाट काढत आलेलं असतं. एक कपचा उडाला तरी ते दुसरीकडे वळतं आणि पुन्हा त्या तोंडाशी येत नाही.

कॅन आधी झऱ्याच्याच पाण्यानं दोनदा विसळा, ते पाणी खालच्या अंगाला दहा पावलं लांब ओता. कॅनच्या तोंडावर कापडाचे चार पदर लावून भरा. जुनं, वापरून मऊ झालेलं सुती कापड जास्त चांगलं, कारण धागे फुगून त्याची छिद्रं बारीक झालेली असतात. बांगलादेशात २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चार पदरी जुन्या साडीतून पाणी गाळणाऱ्या गावांत कॉलरा जवळपास निम्म्यानं घटलेला दिसला. तरीही कापड म्हणजे शुद्धीकरण नव्हे, ती पहिली पायरी.

पाण्यात पाय घालायचे नाहीत. जुन्या माणसांना याचं कारण सांगावं लागत नाही, त्यांनी नारू पाहिलेला आहे. पायऱ्यांच्या बारवेत रोगी माणूस पाय बुडवायचा, फोडातून अळ्या पाण्यात जायच्या, तिथल्या सूक्ष्म जिवांमार्फत त्या पिणाऱ्याच्या पोटात, आणि वर्षभरानं हातभर लांब जंत पायातून बाहेर. गावोगावच्या बारवांच्या पायऱ्या बंद करून, पाणी गाळून पिऊन हा रोग हटवला गेला. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ चा, आणि फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. नारू गेला, पण त्यानं लावलेली शिस्त मोडायचं काही कारण नाही.

भरताना गावातलं कुणी आलं तर आपला कॅन बाजूला घ्या, त्यांना आधी भरू द्या. साबण, शाम्पू, कपडे, भांडी यातलं काही झऱ्यावर नको. शौचाला जायचं तर झऱ्यापासून आणि ओढ्यापासून लांब, खालच्या अंगाला.

घरी आणल्यावर

कॅन उन्हात न ठेवता सावलीत दोन-तीन तास स्थिर ठेवा. गढूळपणा असेल तर तुरटीचा खडा चार-पाच वेळा फिरवून रात्रभर निवळू द्या, सकाळी वरचं पाणी अलगद काढा.

मग उकळा. खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट ती तशीच ठेवायची, झाकून गार करायचं. हा सगळ्यात खात्रीचा उपाय. गॅस परवडत नसेल तर क्लोरिनची गोळी. गोळ्या वेगवेगळ्या मापाच्या येतात, कुणाला किती लिटर ते पाकिटावर लिहिलेलं असतं. घातल्यावर अर्धा तास थांबायचं. पाणी गढूळ असेल तर क्लोरिन नीट काम करत नाही, म्हणून आधी निवळणं महत्त्वाचं. तिसरा मार्ग उन्हाचा, आणि ऊन इथं भरपूर आहे: एक-दोन लिटरच्या पारदर्शक, ओरखडे न पडलेल्या बाटल्यांत नितळ पाणी भरून कडक उन्हात पत्र्यावर सहा तास आडव्या ठेवा. आभाळ असेल तर दोन दिवस. तांब्याच्या घागरीत रात्रभर ठेवल्यानं जंतू कमी होतात हे खरं आहे, पण उकळण्याऐवजी त्यावर विसंबू नका.

प्यायचं पाणी माठात, झाकण घालून, लांब दांड्याच्या ओगराळ्यानं काढायचं. पेला बुडवला की सगळी मेहनत वाया जाते. उकळलेलं पाणी एका दिवसात संपवा. सहा महिन्यांच्या आतलं बाळ, गरोदर बाई, आजारी किंवा फार म्हातारं माणूस घरात असेल तर त्यांना झऱ्याचं पाणी देऊ नका, उकळूनही. तपासणीचा अहवाल हातात येईपर्यंत नळाचं शुद्ध केलेलं पाणीच.

कुणाला जुलाब लागलेच तर ओआरएस लगेच सुरू करा. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. तांदळाच्या पेजेसारखे जुलाब, लघवी थांबणं, डोळे खोल जाणं दिसलं तर घरी वाट बघू नका.

पाणी तपासून घ्या

एकाच झऱ्यावर पुन्हा पुन्हा जाणार असाल तर तपासणी टाळू नका. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत. रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून भरायची. जंतूंच्या तपासणीसाठी बाटली प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक केलेली घ्या, ती विसळायची नाही, तोंडाला बोट लावायचं नाही, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवायची. जल जीवन मिशनखाली गावातल्या बायकांना पाणी तपासायचं छोटं किट आणि प्रशिक्षण दिलेलं असतं. ग्रामपंचायतीत विचारलंत तर प्राथमिक तपासणी तिथंच होऊ शकते.

अहवालात पाच आकडे बघा. शंभर मिलिलिटरमध्ये ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारे जंतू, शून्य हवेत. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत. फ्लोराइड एकच्या आत असावं, दीडच्या वर गेलं तर ते पाणी पिण्यासाठी बाद. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले. सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे त्याचं माप) साडेसहा ते साडेआठ. ई-कोलाय निघाले तर उकळून भागतं; नायट्रेट किंवा फ्लोराइड जास्त निघालं तर उकळल्यानं पाणी आटतं आणि त्यांचं प्रमाण उलट वाढतं, म्हणून तो झरा पिण्यासाठी सोडून द्यायचा.

तपासणी वर्षातून दोनदा, एक दिवाळीच्या सुमारास आणि एक धार बारीक झाल्यावर. अहवालाची एक प्रत ग्रामपंचायतीत जलसुरक्षकाकडे, म्हणजे गावाच्या पाण्यावर देखरेख ठेवणाऱ्या माणसाकडे, द्या. विहीर, हातपंप, नळयोजना यांची पाहणी होऊन पाण्याला धोका किती त्याप्रमाणे गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं, पण डोंगरातला झरा बहुतेक वेळा त्या यादीत नसतो, आणि गुराखी मात्र रोज तेच पाणी पितात. प्रतीवर झऱ्याचं ठिकाण, नमुना घेतल्याची तारीख आणि त्या दिवशी एक लिटरला किती सेकंद लागले ते लिहा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या नमुन्याशी ताडून बघता येईल.